डेमो गाडीची डावी सीट

मी गाड्या विकत नाही, दुरुस्तही करत नाही. निवृत्त झाल्यापासून फक्त बघतो. कुणाला वापरलेली गाडी घ्यायची असली की ते मला सोबत नेतात, मी तास-दीड तास गाडीच्या आत-बाहेर, खाली-वर डोकावतो आणि ‘घ्या’ किंवा ‘नका घेऊ’ एवढंच सांगतो. मूळचा मी इचलकरंजीचा. पोटासाठी चेन्नईला आलो आणि गिंडीतल्या एका मोठ्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी काढली, शेवटची बारा वर्षं मॅनेजर म्हणून. इथल्या लोकांना कदम म्हणता येतं, पुढे ‘सार’ लावल्याशिवाय मात्र त्यांना चैन पडत नाही. तेव्हा मी कदमसार.

लग्नकार्यात डॉक्टर दिसला की लोक गुडघा पुढे करतात, तसं मला बघून विचारतात, ‘डेमोची गाडी निघालीय विकायला, घेऊ का?’ डेमो गाडी म्हणजे शोरूमची फिरवून दाखवायची गाडी. वर्ष-दीड वर्ष शेकडो लोक ती चालवतात. त्यात ब्रेक कुठे आहे ते पायानं शोधणारे असतात, सासऱ्यापुढे छाप पाडणारे असतात आणि काहीही घ्यायचं नसताना एसीत बसायला आलेली सहकुटुंब मंडळी असतात. एका गृहस्थांनी तर अशाच फेरीत बायकोला एग्मोर स्टेशनवर गाडीला पोचवलं आणि परत येऊन आमच्या गाडीची उंची पसंत नाही म्हणून सांगितलं. पुढे मॉडेल जुनं झालं की हीच गाडी धुऊनपुसून स्वस्तात काढतात. किलोमीटर कमी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. घेणाऱ्याला वाटतं घबाड मिळालं, आणि कधी कधी ते खरंही असतं.

बघणाऱ्यानं मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आपल्या घरच्या गाडीत उजवी सीट सर्वांत जास्त झिजते, कारण मालक तिथे बसतो. डेमो गाडीत उलटं. उजवीकडे दर तासाला नवा माणूस, डावीकडे मात्र कायम एकच, शोरूमचा विक्रेता. म्हणून मी आधी डावीकडचं दार उघडतो. तिथल्या सीटचा कपडा मऊ पडलेला असतो, दाराच्या वर छताजवळची धरायची मूठ घासून गुळगुळीत झालेली असते आणि समोर डॅशबोर्डच्या कडेवर तळहाताचा चकचकीत डाग असतो. नवशिक्या चालवायला बसला की शेजारच्याचे दोन्ही हात आपोआप तिथे जातात. विक्रेता तोंडानं मायलेज सांगत असतो आणि हातानं जीव धरून बसलेला असतो.

गेल्या वर्षी सुधाचा फोन आला. सुधा म्हणजे माझ्या माधवरावांची मुलगी. माधवराव आमच्या वर्कशॉपचे स्टोअरकीपर, तंजावरकडचे मराठी. मला तमिळ त्यांनी शिकवलं, पहिल्या महिन्यात डबाही त्यांच्याच घरून यायचा. ते जाऊन सहा वर्षं झाली. सुधा कंपनीत नोकरी करते, वेलचेरीत फ्लॅट घेऊन आईला सांभाळते. आईचं, कमलाबाईंचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा एग्मोरला. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, मागच्या सीटवर पाय मावत नाही. ऑटोत पाय बाहेर काढून बसायचं आणि प्रत्येक खड्ड्याला ओठ चावायचा, असं वर्षभर चाललेलं.

‘मामा, डेमो गाडी आहे, तुमच्याच शोरूमला,’ सुधा म्हणाली. ‘नवी बुक केली तर चार महिने थांबायला सांगतेत. ही उद्या नेता येते. आईला पुढची सीट पसंत पडली, पाय लांब होतो. पण एक आहे. तुमी येऊन पाहा की.’

‘काय आहे?’

‘वाजते ती. आईनं पट्टा लावलेला होता, तरी पट्टा लावा म्हणून घंटी वाजली. एकाच जागी. सेन्सर म्हणाले ते.’

सेन्सर हा आमच्या धंद्यातला भारी शब्द आहे. ज्याचं कारण ठाऊक नाही त्याला सेन्सर म्हणायचं. तरी या घंटीचं काम साधं असतं. सीटच्या गादीत वजन कळणारी एक पातळ चटई असते आणि पट्टा अडकवतो त्या खाचेत एक बारीक स्विच. चटई म्हणते माणूस बसलाय, स्विच म्हणतो पट्टा नाही, की घंटी वाजते. रिकाम्या सीटला ती वाजत नाही आणि पट्टा लावला तरी वाजत नाही.

रविवारी दुपारी मी शोरूमला गेलो. सगळे चेहरे नवे होते. नव्या मॅनेजरनं चहा पाजला, किल्ली दिली आणि म्हणाला, ‘सार, तुम्हीच फिरवून आणा, तुम्हाला काय दाखवायचं.’ मी एकटाच निघालो.

डेमोचा फेरा ठरलेला असतो. फाटकातून डावीकडे, इंडस्ट्रियल इस्टेटच्या आतल्या रस्त्यानं, सगळी वळणं डावीच, म्हणजे नवशिक्याला समोरची वाहनं आडवी येत नाहीत. हा फेरा मीच आखलेला. रविवारी तिथे चिटपाखरू नसतं. कारखाने बंद, शटर खाली, वर एप्रिलचं ऊन. गाडी छान चालली. इंजिनाची तक्रार नाही, ब्रेक सरळ, स्टिअरिंग कुठे ओढत नाही. तिसऱ्या वळणावर एक बंद पडलेली फाउंड्री आहे, तिच्या फाटकाशी रस्ता एकदम आत वळतो. तिथे मी गाडी वळवली आणि घंटी वाजली.

मी डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती, माझी पिशवीसुद्धा मागे ठेवलेली. समोरच्या काचेखाली लाल दिवा लुकलुकत होता, डावीकडच्या प्रवाशानं पट्टा लावलेला नाही असं सांगणारा. सात-आठ वेळा वाजून ती आपोआप थांबली.

मी यंत्राचा माणूस. मनात म्हटलं, वळणावर वायर ताणली जाते. पुन्हा फेरा मारला, तिथेच वाजली. मग बाहेर पडून याहून अवघड डावी वळणं शोधून गाडी गरागरा फिरवली. अवाक्षर नाही. फेरा उलट्या बाजूनं मारला, फाउंड्रीवरून उजवीकडे वळून गेलो. गप्प. परत सरळ फेऱ्यावर आलो आणि फाटकाशी वाजली. शेवटी थांबून रिकाम्या सीटला पट्टा लावला, खटका नीट बसल्याची खात्री केली आणि गेलो. वाजली. या वेळी जास्त वाजली असं मला वाटलं, पण मी मोजत नव्हतो. एसी जोरात होता आणि तरी माझ्या मानेवरून घाम उतरत होता. खरं सांगतो, परत येताना मी डावीकडे बघायचं टाळलं.

मॅनेजरला सांगितल्यावर तो हसला. ‘एवढंच ना सार?’ असं म्हणून त्यानं टेबलाच्या खणातून एक लोखंडी पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. ‘ही टाका. बंद होते.’

ती पट्टी मी ओळखली. तिच्यावर लाल रंगाचा ठिपका होता, थोडा उडालेला.

हे बाहेरच्यांना जरा समजावून सांगायला हवं. विक्रेते दिवसातून पंधरा-वीस वेळा गाडीत चढतात-उतरतात. दर वेळी पट्टा लावा, काढा. नाही लावला तर घंटी, आणि घंटी वाजली की गिऱ्हाइकाला वाटतं गाडी कटकटी आहे. सेल्सचे लोक माझ्याकडे यायचे, ‘कदमसार, हे बंद करा.’ वायर तोडली असती तर कंपनीच्या तपासणीत सापडलं असतं. मग मी गिंडीतल्याच एका लेथवाल्याकडून पट्ट्याच्या टोकासारख्या डझनभर क्लिपा करून घेतल्या. क्लिप खाचेत खुपसायची, गाडीला वाटतं पट्टा लावलाय. बाजारात मिळतात त्या पातळ असतात, खुळखुळतात. माझ्या जाड पत्र्याच्या, कशा गच्च बसायच्या. हरवू नयेत म्हणून प्रत्येकीला लाल ठिपका दिला आणि वहीत कुणाला कुठली दिली ते लिहायचो. बाकीच्या शोरूमवाल्यांनी माझ्याकडून नमुना मागून नेला होता. मला त्याचा अभिमान होता, आणि त्या दुपारी ती पट्टी हातात घेतल्यावरही पहिल्यांदा अभिमानच वाटला. इतकी वर्षं झाली तरी माझंच काम चालू आहे म्हटलं. ते कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

क्लिप लावली आणि फेरा मारला. फाउंड्रीच्या फाटकाशी गाडी मुकाट वळली. पट्ट्यानं जे झालं नाही ते माझ्या क्लिपेनं झालं. त्यालाही कारण सापडतं: जाड पत्र्यानं स्विच जास्त दाबला जातो. मी खूश होऊन गाडी वर्कशॉपच्या सावलीत लावली आणि राहिलेली तपासणी करायला डावीकडचं दार उघडलं.

मूठ घासून गुळगुळीत झाली होती, अगदी पांढरी पडेपर्यंत. कुणीतरी महिनोन् महिने ती धरून बसलं होतं. पण समोर डॅशबोर्डवर डाग नव्हता. बोट फिरवलं, कारखान्यातून आलेला खरखरीतपणा जसाच्या तसा. सीट दाबून बघितली, गादी करकरीत. पट्टा शेवटापर्यंत ओढून काढला. त्याच्या मुळाशी कापडी चिठ्ठी शिवलेली असते, तिच्यावर बनवल्याचा महिना असतो. उजवीकडच्या पट्ट्याहून हा सहा महिन्यांनी नवा होता. डावीकडचं सगळं नवं, फक्त छताजवळची मूठ जुनी. एअरबॅग फुटते तेव्हा डॅशबोर्ड फाडून बाहेर येते. म्हणजे या गाडीला अपघात झाला होता आणि तो कागदावर कुठे नव्हता.

युसुफभाई अजून तिथेच आहे, माझ्या काळातला इलेक्ट्रिशियन. रविवारीही येतो. मी त्याला हाक मारली आणि गाडीकडे बोट दाखवलं. तो लगेच आला नाही. हात पुसत राहिला. मग दखनीत म्हणाला, ‘ये गाडी नक्को देखो साब.’

‘कोण बसायचं डावीकडे?’

‘सेंथिल.’

सेंथिल मला माहीत होता. उंच, किडकिडीत, मृदू बोलणारा, गिऱ्हाईक कितीही वेंधळं असलं तरी ‘परवाइल्ल सार’ म्हणजे ‘असू दे, असू दे’ म्हणणारा. मी निवृत्त झालो त्या दिवशी त्यानंच माझ्या गळ्यात हार घातला होता. युसुफभाईनं सांगितलं ते असं. वर्षापूर्वी एक गिऱ्हाईक ब्रेक समजून अॅक्सिलरेटरवर पाय देऊन बसलं. फाउंड्रीच्या फाटकाशी वळायच्या ऐवजी गाडी सरळ फाटकाच्या खांबावर गेली. चालवणाऱ्याला फारसं लागलं नाही. सेंथिल त्या वेळी पुढे वाकून स्टिअरिंगपर्यंत पोचायला बघत होता. पट्टा नव्हता, त्यामुळे फुटलेल्या एअरबॅगनं त्याची मान मोडली. दोन दिवस होता, मग गेला.

‘क्लिप होती?’ मी विचारलं.

‘थी.’ युसुफभाईनं माझ्याकडे बघितलं नाही. ‘लाल ठिपकेवाली.’

मग मी त्याला घंटीचं सांगितलं, कारण दुसरं काही बोलायला मला सुचेना. म्हटलं, चटईची वायर कुठे दबली असेल, बघशील का. तो हळू आवाजात म्हणाला, ‘सीट बदल्या, पट्टा बदल्या, डॅशबोर्ड बदल्या, मेरे हात से वायरां भी पूरे बदल्या. अब बजने को क्या बाकी है साब?’

मी अजूनही वायरच म्हणतो. एखाद्या जोडात दोष असेल, त्या वळणाला रस्त्याचा उतार वेगळा असेल. चाळीस वर्षं ज्या विद्येवर पोट भरलं ती एका दुपारी टाकून देता येत नाही. पण खाचेतली क्लिप काढायला मी हात घातला तेव्हा ती निघेना. गच्च बसायची माझी क्लिप. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा सुटली, आणि सुटता क्षणी उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, ती घंटी एकदाच वाजली. किल्ली माझ्या खिशात होती. युसुफभाई काहीतरी पुटपुटत आत निघून गेला.

वेलचेरीला जाताना शेअर ऑटोत मी माझं भाषण तयार केलं. गाडीला अपघात झालाय, लपवलाय, घेऊ नका. तीन वाक्यं. त्यात काही खोटं नव्हतं, आणि त्यात मी कुठेच नव्हतो. गाडी बघणाऱ्यानं गाडीबद्दल बोलावं, स्वतःबद्दल बोलायची काय गरज, असं मी मनाला पटवलं होतं.

कमलाबाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. मी माझी तीन वाक्यं म्हटली. सुधाचा चेहरा उतरला. ‘दुरुस्त झालेली आहे की, मामा,’ ती म्हणाली. ‘मोडलेलं ते सगळं नवं घातलेलं असेल. तुमी तपासून लिहून द्याल, आता धोका नाही म्हणून? मी घेते. आईला अजून चार महिने ऑटोत घालू काय?’

प्रश्न रास्त होता. खरं म्हणजे मी लिहून देऊ शकत होतो. इंजिन ठीक, ब्रेक ठीक, पट्टा नवा, एअरबॅग नवी. असल्या गाड्यांना मी आयुष्यभर सही केली आहे.

‘मामा, मग तितं, त्या डाव्या सीटवर, तुमी बसाल काय?’ सुधानं विचारलं. ती टोचून बोलत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

कमलाबाई माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘कदम, मी त्या सीटवर बसलें होतें. घंटी वाजली तेव्हां मला वाटलें, कुणाच्या जागेवर बसलें मी. कोण होता तो?’

मग मी सगळं सांगितलं. सेंथिल, फाटक, क्लिप. लेथवाला, लाल ठिपका, वही. सांगताना माधवरावांचा फोटो समोर भिंतीवर होता, म्हणून मी खाली फरशीकडे बघून बोललो. डझनभर क्लिपांचा पत्रा त्यांनीच स्टोअरमधून काढून दिला होता आणि देताना विचारलं होतं, ‘हें कशाला, कदम?’ मी तेव्हा हसलो होतो.

सुधा रडवेली झाली. गाडी हातची गेली म्हणून की माझ्यासाठी, मला कळलं नाही. कमलाबाई मात्र शांत होत्या. ‘चार महिने ऑटोनंच जाईन,’ त्या म्हणाल्या. ‘तें राहूं दे. त्याच्या बायकोला काय सांगितलें तुमच्या लोकांनी?’

ते मला ठाऊक नव्हतं. ‘तें विचारून या,’ कमलाबाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी मी युसुफभाईकडून पत्ता घेऊन गेलो. वेलचेरीच्या अलीकडेच, रेल्वेच्या पुलाखालच्या गल्लीत पहिल्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर. सेंथिलची बायको भुवना बालवाडीत शिकवते. मी शोरूमचा जुना मॅनेजर म्हटल्यावर तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. समोर सेंथिलचा फोटो होता, ताज्या मोगऱ्याचा हार घातलेला. शोरूमच्याच गणवेशातला.

मी विचारलं, तुम्हाला काय सांगितलं त्यांनी? ती म्हणाली, ‘पट्टा लावायला विसरले म्हणून सांगितलं. सगळे तेच म्हणाले. मॅनेजर, पोलीस, माझा भाऊ. चूक त्यांचीच म्हणाले.’ ती माझ्याशी तमिळमध्ये अगदी हळू बोलत होती, म्हाताऱ्या माणसाला नीट कळावं म्हणून. ‘ते कोपऱ्यावर दूध आणायला जायचे तेव्हासुद्धा हेल्मेट घालायचे, सार. मी हसायचे. असा माणूस कसा विसरला? वर्षभर मी त्यांच्याशी भांडतेय. स्वयंपाक करताना, झोपताना. आमचा विचार नाही केलात, एक पट्टा लावायला कसे विसरलात, म्हणून रोज.’

‘तो विसरला नव्हता,’ मी म्हणालो. आणि खिशातून ती क्लिप काढून तिच्यासमोर स्टुलावर ठेवली. काय असते, कशासाठी असते, कुणी करून घेतली, सगळं सांगितलं. सांगताना माझं तमिळ तुटत होतं, मी शब्द शोधत होतो, पण एकही गाळला नाही. पट्टा लावायचा नाही ही शोरूमची पद्धत होती, ती मी पाडली, सेंथिलनं फक्त सांगितलं तसं केलं.

तिनं क्लिप उचलली नाही. मी वाट बघत होतो, ती ओरडेल, शेजाऱ्यांना बोलावेल, मला जिन्यावरून हाकलेल. मी त्याची तयारी करून आलो होतो, किंबहुना तेच व्हावं असं मला वाटत होतं.

ती उठली आणि माझ्याकडे पाठ करून फोटोपुढे उभी राहिली. हार सरळ केला. मग फोटोला म्हणाली, ‘मन्निच्चिडुंग.’

म्हणजे, मला माफ करा. मीही उठून तिच्या मागे उभा होतो. तेच म्हणायला मी एवढा जिना चढून आलो होतो, आणि माझ्या तोंडून ते अजून निघालं नव्हतं.